पांढऱ्या उंदरांची जोडी एकाच पिंजऱ्यात ठेवावी काय?

शहापूरकर: काल येथे एका सदस्याने लिहिले की, पाळीव उंदरांची जोडी फोडणे हे पाप असून एकटा ठेवलेला नर झुरून मरतो. ते वाचून मला राहवले नाही. गेल्या वर्षी मी मुलीसाठी बाजारातून दोन उंदीर आणले आणि दुकानदाराने दोन्ही माद्याच असल्याचे छातीठोकपणे सांगितले. 21व्या दिवशी सकाळी भुशात 9 गुलाबी, बिनकेसांची पिल्ले वळवळत होती. व्याल्यानंतर 24 तासांच्या आत मादी पुन्हा माजावर येते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पहिल्या पिल्लांचे दूध तुटते न तुटते तोच दुसरे वेत झाले, मग तिसरे, आणि 70 दिवसांत पिंजऱ्यात 26 जीव झाले. अखेरीस त्या मादीचा कणा बोटाला टोचत होता, अंगाला पिल्ले चिकटलेली असत आणि नर तिची पाठ सोडत नसे. याला संसार म्हणायला माझे मन धजत नाही.

टिळकवाडीकर: ते विधान माझे आहे आणि मी त्यावर ठाम आहे. आपण दुकानदाराचा राग जोडीवर काढत आहात. माझा नर एकटा होता तेव्हा केस पिंजारून कोपऱ्यात बसून राही. मादी आणल्यावर आठवडाभरात तो चाकावर धावू लागला. पिल्ले वाढली तर ती मोकळ्या शिवारात सोडता येतात. मी दोन वेळा येळ्ळूरच्या बाजूला सोडून आलो आहे.

येळ्ळूरकर: आपण ती आमच्या भातात सोडलीत, हे आपल्या लक्षात तरी आले का? शेंगदाण्यावर वाढलेले पांढरे पिल्लू बांधावर लांबूनही उठून दिसते, त्यामुळे घुबड त्याला पहिल्याच रात्री, नाहीतर धामण दुसऱ्या दिवशी उचलते. जे वाचते ते घरउंदरांत मिसळते, कारण जात एकच आहे. सुगीच्या तोंडावर लोंब्या कुरतडलेल्या पाहून आमच्या पोटात गोळा येतो आणि आपण त्याला भूतदया म्हणता!

टिळकवाडीकर: बिळाबिळांत झिंक फॉस्फाइड घालणाऱ्यांनी मला दया शिकवू नये.

येळ्ळूरकर: आम्ही वर्षाचे धान्य वाचवण्यासाठी विष घालतो आणि ते घालताना आमचाही हात अडखळतो. आपण मात्र आपल्या घरातली अडचण परक्याच्या शेतात टाकून मोकळे होता. पुन्हा कोणी सोडताना दिसले, तर मी गप्प बसणार नाही.

खानापूरची अक्का: दोघांनीही शब्द आवरावेत. मी अनेक वर्षे उंदीर पाळते. सोबतच हवी असेल, तर दोन-तीन माद्या एकत्र ठेवाव्यात. त्या एकमेकींची पिल्लेसुद्धा पाजतात. दोन नर मात्र एकमेकांच्या शेपटीचे आणि पाठीचे लचके तोडतात. नराची नसबंदी करून त्याला माद्यांत ठेवता येते, पण मी बेळगावात दोन दवाखान्यांत विचारले तेव्हा इतक्या लहान जिवावर शस्त्रक्रिया करण्यास दोघांनीही नकार दिला. दुकानदाराच्या शब्दावर कोणीही विसंबू नये. पिल्ले साधारण 10 दिवसांची झाली की माद्यांच्या पोटावर स्तनाग्रांचे ठिपके दिसतात, नरांच्या दिसत नाहीत.

शहापूरकर: एक गोष्ट मला मान्य करावी लागेल. वेगळा काढलेला माझा नरही प्रथम मलूल झाला होता. त्याला खोल भुसा, कागदाचे तुकडे आणि रोज संध्याकाळी माझ्या बाहीत फिरण्याची मुभा दिली, तेव्हा तो सावरला.

टिळकवाडीकर: शिवाराबाबत माझी चूक झाली, ती मी कबूल करतो. एकटेपणाबाबत माझे मत अजूनही बदललेले नाही, तरी मादीची पाठ आज मीही चाचपून पाहिली. ती पुन्हा गाभण दिसते. विईपर्यंत नर राहू द्यावा काय?

खानापूरची अक्का: नाही, दादा. त्याला आजच काढा, कारण व्याल्यानंतर एक रात्रही उशिराची ठरते. नर पिल्ले 4 आठवडे पुरे होण्याआधी आईपासून वेगळी करा. 5व्या-6व्या आठवड्यात ती वयात येतात आणि त्यांना आई-बहीण कळत नाही.