मुसलमान असले तर बिघडलं कुठे?

बराक ओबामा मुसलमान आहेत, अशी अफवा होती. 'नाहीत, ख्रिश्चनच आहेत' असं सांगून अनेक जण विषय मिटवतात, पण खरी मेख तिथेच आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये, अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या प्रचारात, ओबामांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी जॉन मॅकेन यांच्या भर सभेत एक बाई ओबामांना अरब म्हणाल्या. मॅकेननी माईक काढून घेतला, ते सभ्य, कुटुंबवत्सल गृहस्थ आहेत म्हणाले. चांगलंच केलं, पण अरब माणूस सभ्य नसतो की काय? नऊ दिवसांनी माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेलनी टीव्हीवर नेमकं तेच विचारलं: मुसलमान असले तरी काय? स्वतः रिपब्लिकन असून त्यांनी ओबामांना पाठिंबा दिला. आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीतला एक फोटो त्यांना अस्वस्थ करून गेला होता. थडग्यावर चंद्रकोर आणि चांदणी, दगडाला डोकं टेकलेली आई. मुलगा अमेरिकन सैनिक, विसाव्या वर्षी इराकमध्ये मारला गेलेला. राहिलं ओबामांचं मुस्लिमबहुल इंडोनेशियातलं, जकार्तातलं बालपण. ते काहींना खुपलं, मला तर ती जमेची बाजू वाटते.