बाळाच्या पिक लाईनला इन्फेक्शन, आता दुसरी घालायला सही मागतायत, काय करावं?

रंकाळाकाठ:
माझ्या बहिणीचं बाळ 29 आठवड्यांतच झालं, वजन 1100 ग्रॅम, इथं कोल्हापुरातच एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे. हातात पिक लाईन (हातापायाच्या शिरेतून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत घालतात ती बारीक नळी) घालून टीपीएन (शिरेतून दिलं जाणारं पोषण) चालू होतं. काल बाळ एकदम मलूल पडलं, मधेमधे श्वास थांबायला लागला, डॉक्टर म्हणाले लाईनमधून इन्फेक्शन रक्तात गेलं असावं, ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते बघायची तपासणी) पाठवलंय अन् लाईन काढली. आता परत दुसरी घालायची म्हणतात. आई म्हणते त्या नळीनंच घात केला, आता सही करू नका. साध्या सुईनं भागत नाही का? दाजी गडहिंग्लजहून ये-जा करून दमलेत, काही सुचेना झालंय.

सिस्टर_एनआयसीयू:
ताई, आईंचं मन कळतं, पण साध्या सुईतून टीपीएनमधलं 12.5 टक्क्यांच्या वरचं ग्लुकोज देत नाहीत, शीर जळते आणि औषध कातडीखाली उतरलं की मोठी जखम होते. शिवाय एवढ्याशा जिवाला शिरा त्या किती, रोज टोचून टोचून हातपाय निळे पडतात. पिक लाईन शेवयीपेक्षाही बारीक असते, 1 फ्रेंच (नळीच्या जाडीचं माप) म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. इन्फेक्शन बऱ्याचदा कातडीवरच्याच जंतूंचं असतं, म्हणून लाईन जोडताना दरवेळी हब (नळीचं बाहेरचं जोडायचं तोंड) घासून पुसणं आणि हात धुणं यावरच सगळं असतं. अँटिबायोटिक सुरू करून इन्फेक्शन ताब्यात येईपर्यंत जमलं तर थोडं थांबून नवी लाईन घालतात, किती थांबणार ते विचारा.

दोन_पोरांचा_बाप:
इन्फेक्शनचं सगळे सांगतात, मी दुसरं सांगतो. आमच्या धाकट्याची लाईन चौथ्या दिवसापर्यंत झकास चालली होती आणि मग एका रात्री ठोके एकदम खाली आले, बाळ पांढरंफटक पडलं. ड्युटीवरच्या डॉक्टरीणबाईंनी लगेच इको (हृदयाची सोनोग्राफी) केला तर हृदयाभोवती पाणी साठलेलं, सुईनं ओढलं तर टीपीएनच निघालं! लाईनचं टोक हृदयात सरकलं होतं. त्या बाईंना सुचलं म्हणून पोरगा आज अंगणवाडीत जातोय. असं क्वचितच होतं, पण एक्स-रे पहिल्याच दिवशी काढलेला, नंतर कुणी बघितलं नव्हतं, त्याचा राग अजून आहे मला. टोक हृदयाच्या बाहेर मोठ्या शिरेत पाहिजे आणि हात कोपरात दुमडला, अंगाशी घेतला की ते आत सरकू शकतं. म्हणून विचारा, एक्स-रे काढताना हात कसा ठेवला होता आणि परत कधी बघणार.

सिस्टर_एनआयसीयू:
बरोबर आहे भाऊंचं. आणि बहिणीला सांगा दूध काढून पाठवत रहा, थेंबभर का असेना. दूध वाढत गेलं की टीपीएन बंद होतं आणि लाईन लवकर निघते. जितके दिवस कमी तितकं बरं.

रंकाळाकाठ:
आत्ता डॉक्टरांशी बोललो, टोकाचं विचारलं तर त्यांनी जुना एक्स-रे लावून दाखवला, आईलाही बोलावून दाखवला. दोन दिवस थांबून पायातून घालणार म्हणाले. दाजींनी सही केली. बहीण सकाळपासून चार वेळा दूध काढून बसलीय, सगळं मिळून 6 मिली झालंय, तेच घेऊन निघालोय आता.