शेजारच्या काकूले वाचून दाखवाले पुस्तक सुचवा (उपदेश नको, माणसं पाहिजेत)

पऱ्हाटीवाला_दिग्रस

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहून राहिलो, चुकलंमाकलं सांभाळून घेजा.

आमच्या घराले लागून एक काकू राहते. सारं गाव तिले सिस्टरकाकूच म्हनते, कारन जिंदगीभर मिशन दवाखान्यात नर्स होती, रिटायर झाल्यावर नवऱ्याच्या गावी येऊन राहिली. गावात ख्रिश्चन घर हे एकच. काका मागच्या पोळ्याच्या आधी गेले. पोरगा पुण्याले हाय, फोन करते. तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं पन अजून धड दिसत नाई, दुसऱ्याचं दिवाळीनंतर हाय, म्हनून सांजच्याले वावरातून आलो की मी तिले पेपर वाचून दाखवतो. पहिले कापसाचा भाव, मग निधनवार्ता, मग बाकीचं. कापसाचा भाव तिच्या काय कामाचा, पन ऐकते, आन् माह्यापेक्षा जास्त चिडते.

परवा म्हने, बाबू, पेपर पुरे झाला आता, काई माणसाइचं वाच. मी म्हटलं बायबल वाचू का, ते तिच्या देवळीत टॉवेलात गुंडाळून ठेवलेलं असते. तर म्हने ते मले अर्धं पाठ हाय, राहू दे ते तसंच. काका गेल्यापासून तिनं उघडलं नाई हे मले माहीत हाय, मी काई बोललो नाई. पास्टर येऊन गेले होते, त्यायनं दोन लहान पुस्तकं देली, त्यातलं एक वाचाले घेतलं तं तिसऱ्या पानावर काकू घोरायले लागली. खोटं घोरनं होतं, खरं कसं घोरते ते भिंतीपलीकडून रोज ऐकतो ना मी.

आता हे काऊन विचारून राहिलो ते सांगतो. तीन वर्षांपाठीमागं आमच्या बाबानं औषध घेतलं होतं, वावरातच. समजदार लोकाइले जास्त सांगाची गरज नाई. घरी सगळे रडत होते, अक्कल फक्त काकूची जाग्यावर होती, तिनं जीप बोलावली, रस्ताभर बाबाचं डोकं मांडीवर घेऊन बसली आन् यवतमाळले तीन रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात मायसोबत काढल्या. बाबा वाचले, आज पारावर बसून तमाखू घोटतात. त्यानंतर काकूनं ना कधी प्रार्थनेचं नाव काढलं ना उपकाराचं. फक्त सहा महिने रोज विरजन मागाच्या निमित्तानं यायची. घरी दोन गाई असून!

तं मराठीत असं पुस्तक हाय का ज्याच्यात शेजारपाजार असंल, तिच्या धर्मातली माणसं असतीन, दुःख असलं तरी चालते पन वाचून झाल्यावर चहा प्यावा वाटला पाहिजे. गावच्या वाचनालयात दोन कपाटं हायेत, त्यातल्या एकाची चाबी हरवली.

निवृत्त_मास्तर_अचलपूर

भाऊ, डोळे झाकून 'स्मृतिचित्रे' घ्या. लक्ष्मीबाई टिळकांचं. हे टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत, रेव्हरंड नारायण वामन टिळक, आपण शाळेत त्यांची 'केवढे हे क्रौर्य' शिकलो, ती पारध्याच्या बाणाने घायाळ झालेल्या पक्षिणीची. त्यांच्या बायकोने लिहिलेलं आत्मचरित्र, १९३४ ते १९३६ मध्ये चार भागांत आलं. बाईंना शाळा ठाऊक नाही, अकराव्या वर्षी लग्न, जे काही लिहिणं-वाचणं शिकल्या ते नवऱ्याकडून आणि ते पण रडतखडत. पण भाषा अशी की शेजारची बाई ओसरीवर बसून तांदूळ निवडता निवडता बोलते आहे. मोठ्याने वाचण्यासारखं यापेक्षा चांगलं पुस्तक मराठीत मला माहीत नाही, आणि मी अडतीस वर्षं पोरांना मोठ्याने वाचून दाखवलेलं आहे.

आणि यात आपला विदर्भ आहे हे पुण्याकडचे लोक सांगत नाहीत! टिळक नागपूरला बुटी नावाच्या धनिकांकडे होते, तिथून नोकरीसाठी राजनांदगावला निघाले आणि त्या रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या माणसाशी गप्पा झाल्या, त्याने बायबल हातात दिलं. १८९३ ची गोष्ट. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईला बाप्तिस्मा. बायकोला आधी सांगितलंसुद्धा नाही नीट. मग जवळजवळ पाच वर्षं ही बाई नातेवाइकांच्या दारात, लोक काय काय बोलले ते सगळं आहे, पण रडगाणं नाही. शेवटी ती स्वतः १९०० मध्ये ख्रिस्ती झाली, पण नवऱ्याच्या आग्रहाने नाही. जातपात माणसाने केली, देवाने नाही, हे एका रात्री पडल्या पडल्या तिचं तिलाच कळलं. तो भाग काकूंना वाचाल तेव्हा घाई करू नका.

लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याचा जो भाग सुरुवातीला आहे तो वाचताना मात्र तुम्हालाच हसू आवरणार नाही.

तिरका_डोळा

प्रश्न छान आहे पण हे गोड गोड करून धर्मप्रचार तर चाललेला नाही ना? आधी पुस्तक, मग प्रार्थना, मग पुढचं. सहज विचारतोय. आपल्याकडे ग्रामगीता आहे, तुकडोजी महाराजांची, ४१ अध्याय, गावात कसं राहावं ते सगळं त्यात आहे. ती वाचा की.

पऱ्हाटीवाला_दिग्रस

@तिरका_डोळा दादा, ग्रामगीता घरी हाय, मोझरीहून बाबानंच आनलेली, सप्त्यात वाचतो बी. आन् प्रचार तं मी करून राहिलो ना, काकूले वाचून मी दाखवतो, ती नाई. तिनं आमच्या घरी गेल्या वीस वर्षांत काई आनलं असंल तं नाताळाच्या करंज्या. आन् विरजनाची रिकामी वाटी.

मास्तर, पुस्तक मागवतो. चारी भाग मोठे असतीन न?

लायब्ररीवाली

मी नागपूरला एका ग्रंथालयात काम करते म्हणून थोडी व्यवहाराची माहिती देते. लक्ष्मीबाई १९३६ ला गेल्या त्यामुळे पुस्तक केव्हाच कॉपीराइटमधून मोकळं झालंय, बऱ्याच प्रकाशकांनी छापलंय, किंमत आणि कागद पाहून घ्या, आणि अक्षर मोठं असेल ती प्रत घ्या कारण दिव्याखाली वाचायचं तुम्हालाच आहे. पूर्ण पुस्तक जाडजूड आहे, संक्षिप्त आवृत्तीही मिळते. पण मी म्हणेन पूर्णच घ्या, संक्षिप्तमध्ये नेमकी भांडणं कमी होतात आणि भांडणं हाच त्याचा जीव आहे हो. टिळक इतके भोळे आणि इतके रागीट की घरातलं काय कोणाला देऊन टाकतील नेम नाही, आणि संसार चालवायचा हिने.

लोक तुम्हाला पंडिता रमाबाईंचं पण नाव सुचवतील. बाई फार मोठ्या. आईवडील दुष्काळात गेले, स्वतः मैलोनमैल पायी हिंडल्या, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात आपल्या मध्य प्रांतात येऊन शेकडो पोरीबाळी, विधवा पुण्याजवळ केडगावच्या आपल्या आश्रमात घेऊन गेल्या. मूळ हिब्रू-ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत केलं, ते त्या गेल्यावर १९२४ ला छापून झालं. पण आत्ता काकूंना नका वाचू, रमाबाईंची लेक मनोरमा त्यांच्या आधी काही महिने गेली आणि तो सगळा काळ वाचताना घशात अडकतो. काका जाऊन वर्ष पण झालं नाही ना. नंतर केव्हातरी वाचा.

एक छोटी गोष्ट मात्र आजच वाचता येईल. टॉलस्टॉयची, १८८५ ची, मोच्याची. तळघरात राहतो, खिडकीतून फक्त लोकांचे पाय दिसतात, तेवढ्यावरून तो जोड्यांवरून सगळ्यांना ओळखतो. बायको गेली, मुलगा गेला, देवावर रुसलेला आहे. मग बायबल वाचायला लागतो आणि एका रात्री वाटतं की उद्या ख्रिस्त येणार आपल्याकडे. दिवसभर वाट बघतो. येतं कोण, तर बर्फ उपसणारा म्हातारा, थंडीत कुडकुडणारी लेकुरवाळी, सफरचंद चोरणारं पोरगं आणि त्याचं बखोट धरलेली म्हातारी. पुढचं सांगत नाही. टॉलस्टॉयच्या कथांच्या मराठी संग्रहांत शोधा.

वसईची_माई

आमच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, २०२४ ला गेले, त्यांचं 'सुबोध बायबल' आहे, त्याला साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार मिळाला २०१३ चा. आजच्या मराठीत आहे, जुन्या बायबलसारखं अवघड नाही. पण तुमच्या काकू प्रॉटेस्टंट असतील, मिशन दवाखाना म्हणताय त्यावरून, त्यांच्या कानाला जुनंच गोड लागेल बहुतेक. म्हणून मी नवीन काही सुचवत नाही, जुन्यातलंच एक सांगते. रूथचं पुस्तक. चारच अध्याय आहेत, एका संध्याकाळी होतं.

तुम्ही शेतकरी म्हणून मुद्दाम सांगते. दुष्काळ पडतो, नामी नवरा आणि दोन मुलं घेऊन परमुलखात जाते, तिथे तिघेही जातात, राहतात तीन विधवा. सासू परत गावी येते, एक सून तिला सोडत नाही. हातात काही नाही म्हणून ती सून दुसऱ्याच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीनंतर पडून राहिलेलं धान्य, वेचायला जाते. सरवा! हाच शब्द आहे मराठी बायबलात. आणि शेतमालक बवाज आपल्या माणसांना सांगतो की हिच्यासाठी मुद्दाम थोड्या पेंढ्या गळू द्या, बोलू नका तिला. अजून एक गंमत, कापणी करताना कडेकोपऱ्याचं कापू नको, पडलेलं वेचू नको, गरिबाला आणि उपऱ्याला राहू दे हा नियम बायबलातल्या लेवीय पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात आहे, आणि शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर हे वाक्य त्याच अध्यायात थोडं खाली आहे. चर्चमध्ये दोन्ही वेगवेगळ्या रविवारी ऐकलेलं असतं, म्हणून एकत्र असल्याचं माझ्याही फार उशिरा लक्षात आलं.

निवृत्त_मास्तर_अचलपूर

माईंनी सरवा काढला आणि मला आई आठवली, तूर निघाल्यावर मागे मागे टोपली घेऊन जायची. असो.

पऱ्हाटीवाले भाऊ, एक सांगायचं राहिलं. तुमच्या यवतमाळला १९५३ पासून मोठी बायबल सेमिनरी, म्हणजे पाद्री घडवणारं विद्यालय, होती, १९८३ ला पुण्याला गेली. काकू नर्स होत्या म्हणजे त्यांच्या ओळखीत त्या काळची जुनी मंडळी असणार. त्यांच्या घरी पेट्या भरून मराठी ख्रिस्ती पुस्तकं पडलेली असतात, आणि घरच्यांना ती कुठे ठेवावी कळत नाही. काकूंनाच विचारा कोणाकोणाकडे असतील. पुस्तकं मिळोत न मिळोत, फोन तरी होतील तिचे.

पऱ्हाटीवाला_दिग्रस

मंडळी, तीन आठवडे झाले, अपडेट देतो. पेरनीच्या गडबडीत लिहाले जमलं नाई.

स्मृतिचित्रे पोस्टानं आलं. पहिल्या दिवशी सोवळ्याचा भाग वाचला तं काकू हसून हसून खोकलायले लागली, माय पानी घेऊन धावत आली, मग मायबी तिथंच बसली. चौथ्या दिवसापासून बाबा कुडाच्या अलीकडं खाट टाकून पडतात. ऐकून नाई राहिलो म्हनतात, पन मी एक पान सुटलं तं तिकडून आवाज येते. टिळकांनं घरी न सांगता बाप्तिस्मा घेतला तिथं काकू लय चिडली, म्हने नवरा देवमाणूस असन पन बायकोले सांगाले काय पैसे पडत होते? मग अर्धा तास आमचे काका कसे न सांगता बैल विकून आले होते ते सांगितलं, पुस्तक राहिलं बाजूले. मास्तर, म्हनून अजून दुसऱ्याच भागात हावो.

मास्तरांचं ऐकून तिले जुन्या लोकाइचं विचारलं. तिनं माह्या फोनवरून तिघींले फोन लावले, एक घाटंजीची होती, ती वारली म्हनून कळलं. बाकी दोघींसोबत एक एक तास बोलली, माह्या बॅलन्सची चिंता नाई करत कोनी.

रूथची गोष्ट मी मोबाइलवरून वाचाले गेलो तं तिनं थांबवलं. म्हने तुले बवाज म्हनता येत नाई नीट, ऐक. आन् टॉवेल न उघडता सगळी सांगितली, सरव्यापर्यंत. माई, एक विचाराचं राहिलं. ती दुसरी सून, अर्पा, जी रडून माघारी गेली, तिच्यावर काकू मले बोलूच देईना. म्हने तिले मायबाप होते ना, गेली तं काय चुकलं, सगळेच रूथला शाबासकी देतात, अर्पाले कोनी विचारत नाई का ते पोरगी पोहोचली का घरी. मले उत्तर आलं नाई. तुमच्याकडं यावर काई लिहिलेलं असंल तं सांगजा.

आन् त्या मोच्याची गोष्ट मराठीत कोनाकडं असन तं फोटो नका टाकू, पुस्तकाचं नाव सांगजा, मागवतो. दुसऱ्या डोळ्याची तारीख दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारची भेटली. जीप मीच चालवनार हाय.