धंद्याच्या वेबसाइटला 'हिरवं' होस्टिंग घ्यावं का? सांगली-साताऱ्याच्या व्यापाऱ्यांसाठी चर्चा

कृष्णाकाठ

हळद विका, बेदाणा विका, कंदी पेढे विका नाहीतर मिरजेच्या सतारी. वेबसाइट ज्या सर्व्हरवर आहे तो चोवीस तास वीज खातो. माझं म्हणणं एवढंच की होस्टिंगच्या, म्हणजे सर्व्हरवरच्या भाड्याच्या जागेच्या, रिन्यूअलच्या वेळी होस्ट कंपनीकडे भावाबरोबर विजेचीही चौकशी करावी, आणि ती नेमकी करावी. 'तुम्ही ग्रीन आहात का' असं विचारलं तर नाही कोण म्हणणार?

तीन गोष्टी विचारा. सर्व्हर कुठल्या शहरात, कुठल्या डेटा सेंटरमध्ये (सर्व्हर ठेवायच्या इमारतीत) आहे? आपल्याकडचे बरेच होस्ट रीसेलर असतात, दुसऱ्याच्या सर्व्हरवरची जागा विकतात. पाटी सांगलीच्या विश्रामबागेत आणि सर्व्हरचे रॅक नवी मुंबईच्या ऐरोली-महापेला, कधी कधी थेट परदेशात. मग पीयूई किती? डेटा सेंटरमध्ये शिरलेली एकूण वीज भागिले प्रत्यक्ष संगणकांना मिळालेली वीज, म्हणजे पीयूई. तो 1.6 असेल तर सर्व्हरच्या प्रत्येक युनिटमागे एसी, यूपीएस वगैरेंनी आणखी 0.6 युनिट खाल्लं. गूगल स्वतःच्या सेंटर्सची सरासरी 1.1 च्या आसपास सांगतं. आपल्या उकाड्यात तेवढा खाली येणं अवघड, पण आकडा सांगताच येत नसेल तर तो मोजलेला नाही किंवा लपवलेला आहे. आणि शेवटचं, हरित वीज येते कशी? वारा-सौरवाल्यांशी थेट करार आहे की हरित वीज दुसरीकडे तयार झाल्याची नुसती प्रमाणपत्रं विकत घेतली? 2022 च्या नियमांपासून 100 किलोवॅट भाराच्या ग्राहकालाही ओपन ॲक्सेसने, म्हणजे वितरण कंपनीऐवजी थेट उत्पादकाकडून, हरित वीज घेता येते, त्यामुळे 'आम्हाला शक्यच नाही' ही सबब मोठ्या सेंटरने सांगू नये.

'आम्ही झाडं लावतो' असं उत्तर आलं तर पुढचा होस्ट बघा.

वखारभाग

आधी गुणाकार करू, मग प्रश्न विचारू.

शेअर्ड होस्टिंगचा, म्हणजे अनेक साइटी मिळून वापरतात असा, एक सर्व्हर 300 वॅटचा धरा आणि त्यावर 500 खाती. एका खात्याच्या वाट्याला 0.6 वॅट. वर्षाचे 8760 तास, म्हणजे सव्वापाच युनिट. तुमच्या 1.6 ने गुणलं तरी साडेआठ युनिटच्या आत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या हिशेबाने देशाच्या ग्रिडवर युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. झाले 6 किलो. वर्षाचे!

दुकानातली 20 वॅटची एक एलईडी नळी रोज दहा तास चालली तर वर्षाला 73 युनिट खाते. वेबसाइट त्याच्या आठव्या हिश्शाएवढीही नाही. लिटरभर डिझेल जाळलं की पावणेतीन किलोच्या आसपास बाहेर पडतं. मार्केट यार्डातून वाशीला माल घेऊन निघालेला पिकअप एका फेरीत तीसेक लिटर पितो, म्हणजे 80 किलो. परतीला तो रिकामा आला नाही तर तेरा वर्षांचं होस्टिंग वसूल. ज्याला पर्यावरणाची काळजी आहे त्याने आधी परतीचं भाडं शोधावं.

सीपॅनेल_अण्णा

वखारभागांचा गुणाकार बरोबर आहे, पण तो शेअर्डचा. सगळे शेअर्डवर राहत नाहीत. डेव्हलपर म्हणतो 'स्पीडसाठी व्हीपीएस (सर्व्हरचा एकट्यासाठी राखलेला तुकडा) घ्या' आणि रोज पन्नास लोक बघतात अशा साइटला चार कोअर, 8 जीबीचं मशीन लावून देतो. त्याच 300 वॅटच्या सर्व्हरवर 40 व्हीपीएस धरले तर वाटा साडेसात वॅट. वर्षाला 105 युनिट, 74 किलो. बारापट! आणि ते मशीन निम्म्याहून जास्त वेळ रिकामं फिरतं. म्हणून होस्ट हिरवा की काळा याआधी प्लॅन केवढा, हे बघा.

आता होस्ट हरित असल्याची जी हिरवी टिकमार्क दाखवतात तिच्याबद्दल. ग्रीन वेब फाउंडेशन नावाची डच संस्था आहे, तिच्या तपासणीत डोमेन टाकलं की होस्ट हरित आहे की नाही ते दिसतं. चांगली सोय आहे. गोम अशी की ती तपासणी आयपी पत्ता (इंटरनेटवरचा सर्व्हरचा क्रमांक) कोणाचा हे बघते. साइटच्या पुढे क्लाउडफ्लेअर (मधे राहून पानं पोचवणारी सेवा) लावलेलं असेल तर तिला क्लाउडफ्लेअरच दिसतं आणि टीक हिरवी येते. मागचा खरा सर्व्हर डिझेलवर चालला तरी कळत नाही. खरं बघायचं तर होस्टिंगच्या पॅनेलमधून मूळ सर्व्हरचा आयपी घ्या, तो हुइजमध्ये (आयपीच्या मालकांच्या नोंदवहीत) टाका, नेटवर्क कोणाच्या नावावर आहे ते बघा. मग पिंग मारा, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला किती वेळ लागतो ते मोजा. सांगलीतून मुंबई साधारण 30 मिलीसेकंदांच्या आत येते. शंभराच्या बरंच वर गेलं तर युरोप, सव्वादोनशेच्या वर गेलं तर बहुधा अमेरिका. 'इंडियन सर्व्हर' म्हणून विकलेला प्लॅन असा लगेच उघडा पडतो.

पोवईनाका

मग सरळ फिनलंड किंवा जर्मनीत ठेवा ना! हेट्झनरसारखा होस्ट जर्मनीत जलविद्युत आणि फिनलंडमध्ये जल-वारा वीज वापरतो. तिथल्या थंडीत एसीचा खर्चही कमी. फिनलंडमधल्या हामिनाला तर गूगल समुद्राच्या पाण्याने सेंटर थंड करतं. इथल्या कोळशावर 0.7 किलो मोजत बसण्यापेक्षा हे बरं.

वखारभाग

ग्राहक कोण आहे, त्याचं काय? बेदाणा युरोपात जात असेल तर जरूर ठेवा, खरेदीदारालाच साइट जलद उघडेल. पण साताऱ्याचा पेढेवाला पुण्या-मुंबईच्या ऑर्डरी घेतो. नवा माणूस साइटवर आला की सर्व्हरपर्यंत जोडणीला एक फेरी, टीएलएस 1.3 ला (जोडणी सुरक्षित करायला) एक, पान मागायला एक. मुंबईत 20 मिलीसेकंदांच्या हिशेबाने 60. फिनलंडला दीडशे धरले तर साडेचारशे. जुना टीएलएस 1.2 असेल तर आणखी एक फेरी, म्हणजे सहाशे. आणि हे पहिलं अक्षर दिसायच्या आधी.

पैशांचंही बघा. परदेशी होस्टचं बिल आलं की जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला रिव्हर्स चार्जने 18 टक्के स्वतः भरावे लागतात, तेही रोखीच्या खात्यातून. क्रेडिट नंतर मिळतं, पण रिटर्नमध्ये दाखवायचं राहिलं की सीएचा फोन आलाच. शिवाय ऑक्टोबर 2021 पासून कार्डावरून आपोआप पैसे कापायला ई-मँडेट, म्हणजे आधी नोंदवलेली परवानगी, लागतं. ज्या परदेशी होस्टने ती सोय केलेली नाही त्याचं रिन्यूअल गुपचूप फेल होतं, सूचना जाते डेव्हलपरच्या जुन्या ईमेलवर, आणि साइट बंद पडल्याचं ग्राहकाकडून कळतं.

कृष्णाकाठ

ई-मँडेटचा मुद्दा मान्य. परदेशी घ्यायचंच तर वर्षाचं एकदम भरा आणि सूचनेचा ईमेल मालकाचा ठेवा.

पण अंतराचा बाऊ नको. पेज कॅश (तयार पानाची साठवलेली प्रत) नसलेली, वर्डप्रेस सॉफ्टवेअरवर बनवलेली साइट पान तयार करायलाच 800 मिलीसेकंद घेते, मुंबईत असो की हेलसिंकीत. पेज कॅश लावला तर ते शंभराच्या खाली येतं आणि तेवढंच काम सर्व्हरचंही वाचतं. मोफत क्लाउडफ्लेअर फक्त फोटो, स्टाइल वगैरे साठवतं, पान नाही. पान साठवायला वेगळा नियम लावावा लागतो. तो लावताना कार्ट आणि चेकआउट वगळायला विसरू नका, नाहीतर एकाची टोपली दुसऱ्याला दिसेल.

तासगाव_रोड

एक वेगळं विचारतो. गोदामावर सोलर आहेच. साठ वॅटचा छोटा संगणक तिथेच लावून साइट चालवली तर? दिवसाला दीड युनिटही लागत नाही, आणि 1 किलोवॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात चार युनिट देतं.

सीपॅनेल_अण्णा

दिवसाचा हिशेब जुळतो, रात्रीचा नाही. सूर्य मावळल्यापासून चौदा तास धरा: 60 वॅट गुणिले 14, म्हणजे 0.84 युनिट. शिवाय इन्व्हर्टर स्वतः रिकामा चालताना 20 वॅटच्या आसपास खातो, तिथे आणखी पाव युनिट गेलं. 12 व्होल्ट 150 एएचची ट्युब्युलर बॅटरी 1.8 युनिटची, पण तिला निम्म्याखाली उतरवायची नसते, हाती राहतात 0.9. पहिल्याच रात्री कमी पडते. दोन बॅटऱ्या घ्या, मग आषाढात आठ दिवस ऊन नाही तेव्हा काय? ग्रिडवरच येणार. त्यात स्थिर आयपी वेगळा, घरगुती ब्रॉडबँडवरून पाठवलेलं मेल स्पॅममध्ये, बॅकअपला दुसरी जागा. आणि 2019 ला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पुराचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं, ते विसरू नका. गोदाम नदीकाठच्या पट्ट्यात असेल तर सर्व्हर पोत्यांच्या आधी भिजेल.

सोलरची ती वीज गोदामाच्या पंख्यांना आणि ग्राइंडरला वापरा. तिथे ती जास्त कोळसा वाचवते.

पोवईनाका

आपल्या सातारा जिल्ह्यात कोयना आहे, चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पवनचक्क्या आहेत. इथल्याच विजेची प्रमाणपत्रं घेणारा होस्ट मिळाला तर चालेल की.

वखारभाग

ऐकायला छान आहे. एक प्रमाणपत्र म्हणजे 1000 युनिट. आणि 2022 च्या नियमांनी त्याचा किमान भावही काढून टाकला, त्यामुळे स्वस्त झालं की होस्टला 'शंभर टक्के हरित' म्हणवणं अगदी सोपं. वीज मात्र तीच, ग्रिडची. वारा पावसाळ्यात भरपूर असतो, मार्चमध्ये पाती रेंगाळतात. कोयना 1960 मेगावॅटची खरी, पण पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला 67.5 टीएमसीची मर्यादा आहे, म्हणून ती मुख्यतः मागणीच्या वेळी चालवतात. सर्व्हर मात्र मार्चमधल्या पहाटे तीनलाही चालू असतो. जुलैच्या वाऱ्याची पावती त्याला जोडून वर्षाचा ताळेबंद जुळवतात.

कृष्णाकाठ

म्हणूनच तर 'कशी घेता' हे विचारा म्हटलं. वर्षाचा ताळेबंद आणि तासातासाचा ताळेबंद यात फरक आहे. वर्षाचा हिशेब गूगल 2017 पासून जुळवतंय, तरी तासातासाला कार्बनमुक्त वीज वापरण्याचं लक्ष्य 2030 चं आहे. ते आपल्या क्लाउडचे प्रदेशवार आकडे प्रसिद्ध करतात, त्यात मुंबई मागेच आहे. निदान आकडा उघड आहे. मला बिल्ल्यापेक्षा उघडा आकडा बरा वाटतो, वाईट असला तरी.

आणि सहा किलो म्हणून सोडून द्यायचं, तर परदेशी खरेदीदाराच्या पुरवठादार-प्रश्नावलीत काय लिहायचं? त्यात खरेदी केलेल्या सेवाही येतात. होस्टचं एक पानी पत्र फाइलला असलं की तो रकाना भरतो.

वखारभाग

रकान्यासाठी घ्या, हरकत नाही. पृथ्वीसाठी घेतलं असं सांगू नका.

साइटच्या पानाच्या वजनाचं कोणी बोललंच नाही अजून. राजापुरी हळकुंडाचं पान उघडा कुठल्याही साइटवर: मोबाइलने काढलेले सहा फोटो, प्रत्येकी चार हजार गुणिले तीन हजार पिक्सेल, साडेचार एमबी. झालं 27 एमबीचं पान. ग्राहकाच्या स्क्रीनवर ते तीन-चारशे पिक्सेलांत दिसतात. फोटो 1200 पिक्सेल रुंद करा, वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात 75 दर्जाला साठवा, दीडशे केबीच्या आसपास येतो. सहा मिळून 1 एमबीच्या आत. होस्ट न बदलता. आणि हळदीचा रंग तपासून घ्या, जास्त दाबलं की पिवळा मातकट होतो आणि गिऱ्हाईक म्हणतं माल जुना आहे.

सीपॅनेल_अण्णा

मी उलट क्रमाने जाईन. आधी फोटो, मग पेज कॅश. मग लॉग (सर्व्हरवर कोण येऊन गेलं त्याची नोंद) उघडून बघा. एक्सएमएल-आरपीसी (वर्डप्रेसला बाहेरून चालवायचं दार) आणि लॉगिनच्या पानावर बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, रात्रंदिवस धडका मारत असतात आणि ते कॅशमधून जात नाही, दर वेळी पान बनवणारं पीएचपी जागं होतं. मोबाइल ॲप वगैरे वापरत नसाल तर एक्सएमएल-आरपीसी बंदच करा. वर्डप्रेसचं क्रॉन (ठरावीक वेळची कामं) पान उघडण्यावर चालतं ते बंद करून पॅनेलमधून पंधरा मिनिटांनी लावा. एवढं झालं की व्हीपीएस नको, शेअर्ड पुरतं, हे आकड्यातच दिसेल. तेव्हा होस्ट निवडा, आणि सारख्याच भावात दोन असतील तर आकडे उघड करणारा घ्या. इथे मी कृष्णाकाठांच्या बाजूचा.

साइट नव्या होस्टवर हलवताना बहुतेक चुका डीएनएसमध्ये (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या नोंदींत) होतात. आदल्या दिवशी टीटीएल (जुनी नोंद किती वेळ धरून ठेवायची ती मुदत) 300 सेकंदांवर आणा. फायली आणि डेटाबेस नव्या सर्व्हरवर न्या, आपल्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये नवा आयपी टाकून साइट तपासा, ऑर्डर एकदा शेवटपर्यंत करून बघा. मगच ए रेकॉर्ड (साइटच्या आयपीची नोंद) बदला. नेमसर्व्हर (या सगळ्या नोंदी ठेवणारा सर्व्हर) बदलू नका. ते बदलले की मेलच्या एमएक्स आणि एसपीएफ नोंदी मागे राहतात आणि चौकशीचे मेल दोन दिवस हवेत जातात. मेल जुन्या होस्टवरच असेल तर आधी मेलबॉक्स हलवा. साइट जुनी असेल तर नव्या सर्व्हरवर पीएचपीची आवृत्ती जुळते का बघा, 7.4 ला 2022 च्या नोव्हेंबरनंतर सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत, पण जुनी थीम 8 वर पांढरं पान दाखवते.

आठवडा गेला, जुन्या सर्व्हरच्या लॉगमध्ये खरी गिऱ्हाइकं यायची थांबली, की जुनं खातं रद्द करा. डेव्हलपरचं चाचणीचं व्हीपीएस पण. निम्म्या लोकांची ती वर्षानुवर्षं चालू असतात आणि बिल कोणीच बघत नाही.