राजदूत ३५०: गेजशिवाय (जुळणी मोजायच्या यंत्राशिवाय) दोन कार्ब (कार्ब्युरेटर) कसे जुळवायचे?

प्रश्न: आयडलला गाडी थरथरते, डाव्या सायलेन्सरला दम कमी. गेज घेणं परवडत नाही. घरी जमेल?

उत्तर १: गेज नकोच, दादा. दोन्ही स्लाइड (थ्रॉटल फिरवल्यावर कार्बमध्ये वर जाणाऱ्या झडपा) एकत्र उचलल्या पाहिजेत, एवढंच. एअर फिल्टरचे रबरी बूट काढून प्रत्येक स्लाइडखाली सारख्या मापाचा ड्रिल बिट ठेवा, गुळगुळीत बाजू आत. आयडल स्क्रू असे लावा की दोन्ही बिट स्लाइडखाली सारखेच घट्ट बसतील. मग थ्रॉटल अगदी हळू फिरवा. बिट एकाच क्षणी सैल व्हायला हवेत. नाही झाले तर केबल अ‍ॅडजस्टर फिरवा. केबलला १ मिमी ढील ठेवाच, नाहीतर हँडल वळवताच आरपीएम चढतो.

उत्तर २: आधी कार्ब आणि इंजिन यांना जोडणारं रबर तपासा. तडकलं असेल तर हवा खेचून मिश्रण लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) होतं, पिस्टन जाम होतो.

उत्तर ३: ऑइल पंपाची केबल मात्र सगळ्यात शेवटी, कार्ब जुळल्यावर, पंपावरच्या खुणेवर आणा.