हिमनदीवर जिओफोन: तळ सरकतोय की भेगा तडकतायत?

प्रश्न: उघड्या बर्फावर ४.५ हर्ट्झचे जिओफोन (थरथर नोंदवणारे संवेदक) लावलेत. आठवड्यात दोन कलले, आडवी थरथर नोंदवणारे चॅनेल सपाट, म्हणजे नोंदच नाही. आणि हिमनदी तळाशी सरकताना बसणारे धक्के भेगा तडकण्यापासून वेगळे कसे काढायचे?

उत्तर १: वरवर ठोकलेला जिओफोनचा खिळा उन्हात तापून भोवतीचा बर्फ वितळवतो. ड्रिलने मीटरभर भोक पाडून तळाशी बसवा, बर्फाचा चुरा दाबून भरा, वर पांढरं कापड टाका. तरी पुन्हा बसवायला जावं लागतंच. आडवे जिओफोन कल फारसा सोसत नाहीत.

उत्तर २: भेग तडकली की रॅले लहर (पृष्ठभागालगत जाणारी) दणकट, पी (सर्वात आधी पोचणारी) पुसट. तळाच्या धक्क्यात पी आणि तिच्यामागून येणारी एस ठसठशीत, रॅले जवळपास नाही. बर्फात पी साधारण ३८००, एस १९०० मीटर प्रतिसेकंद. एस आणि पी पोचण्यातला फरक ०.०५ सेकंद म्हणजे धक्क्यापर्यंतचं अंतर १९० मीटर. सेकंदाला १०० नमुने (१०० हर्ट्झ) घेतले तर हे जेमतेम ५ नमुने! ५०० ठेवा.

उत्तर ३: पण संथ सरकणं या जिओफोनला दिसणार नाही. अंटार्क्टिकातला व्हिलन्स हिमप्रवाह रॉस समुद्राच्या भरती-ओहोटीच्या तालावर दिवसातून साधारण दोनदा, अर्ध्या तासात सुमारे अर्धा मीटर सरकतो. मोमेंट (भूकंपाच्या आकाराचं माप) ७ मॅग्निट्यूडच्या भूकंपाच्या तोडीचा, पण वर उभ्या माणसाला पत्ताही लागत नाही. तिथे ब्रॉडबँड भूकंपमापक (संथ हालचालही टिपणारा) आणि जीपीएसच हवं.