मदत हवी आहे: प्रोटियसमध्ये स्लायडर ० वर, तरी चित्र का बदलतं?

प्रश्न (अमळनेर)
मंडळी, आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या विसर्जनाची जुनी व्हीएचएस कॅसेट कॅप्चर केलीय. फाईल ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेमची, इंटरलेस्ड (एका फ्रेममध्ये एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं). टोपाझ व्हिडिओ एआय या व्हिडिओ सुधारणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोटियस मॉडेल लावलंय. 'रिलेटिव्ह टू ऑटो'त सगळे स्लायडर ० वर आहेत, तरी चेहरे गुळगुळीत होताहेत. ० म्हणजे बंद ना? की सरळ मॅन्युअल घेऊ?

उत्तर (भुसावळ)
भाऊ, रिलेटिव्हमधला ० म्हणजे बंद नव्हे. ऑटोनं जे ठरवलं ते जसंच्या तसं, असा त्याचा अर्थ. तिथे रिड्यूस नॉईज -१५ केलं तर ऑटोच्या अंदाजातून १५ वजा होतात. मॅन्युअलमध्ये मात्र तुम्ही लिहाल तोच आकडा पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत. तिथेही सगळं ० ठेवलं म्हणून मूळ चित्र मिळत नाही. मॉडेल पिक्सेल नव्याने रचतंच.

त्याआधी डीइंटरलेस करा, म्हणजे अर्ध्या चित्रांपासून पूर्ण फ्रेम बनवा. ते राहिलं तर नाचणाऱ्यांच्या हातांना कंगव्यासारखे दाते दिसतात आणि शार्पन ते दाते आणखी ठळक करतं. डायोन (टोपाझमधलंच डीइंटरलेसचं मॉडेल) किंवा क्यूटीजीएमसी (त्याच कामाची वेगळी स्क्रिप्ट) वापरून सेकंदाला ५० फ्रेम काढा, मग प्रोटियस.

आता नथीवर झूम करा. मोती सुटे न दिसता एकच पांढरी पट्टी झाली असेल तर रिड्यूस नॉईज जास्त झालंय. रिलेटिव्हमध्ये -१० पासून खाली उतरा. उडालेला गुलालही बारीक ठिपक्यांचाच असतो, नॉईजसोबत तोही पुसला जातो. पातळाच्या काठाला पांढरी कड दिसली तर डीहेलो थोडं वाढवा, पण त्याच वेळी शार्पन चढवू नका. एक पुसतो तेच दुसरा पुन्हा काढतो. बऱ्याचदा ही कड व्हीसीआरच्या शार्पनेसमुळे आलेली असते. तो कमी करून पुन्हा कॅप्चर केलेलं बरं.

प्रश्नकर्ता
मॅन्युअलमध्ये 'एस्टिमेट' दाबल्यावर आकडे आले, तेच ठेवू का?

उत्तर (भुसावळ)
ते समोरच्या फ्रेमवरून काढलेले आहेत. नदीकाठच्या उन्हात दाबलं आणि तेच आकडे घरातल्या दिव्याखालच्या आरतीला लावले, तर आरती खरखरीत राहील. क्लिपचे प्रसंगानुसार तुकडे करा, प्रत्येकात एक नेहमीसारखी फ्रेम निवडून एस्टिमेट घ्या, मग ५ सेकंदांचा प्रिव्ह्यू बघा. एकाच शॉटमध्ये उन्हातून सावलीत कॅमेरा फिरला की ऑटोचा अंदाज बदलतो आणि चित्राचा शार्पनेस कमी-जास्त होताना दिसतो; अशा तुकड्याला मॅन्युअलच. बाकीच्यांना रिलेटिव्ह पुरतं.

आणखी एक प्रतिसाद (धुळे)
निर्यात करताना १४४० × १०८० ठेवा, कॅसेट ४:३ ची आहे. १९२० पर्यंत ताणलं तर कानबाईसकट सगळी बायामाणसं बुटकी नि रुंद दिसतात, आणि लोक उगीच स्लायडरला दोष देत बसतात.